अकरा एकांची संख्या

“काऊन फुटत नाही तू?” असं आमच्या गणिताच्या बाई फळ्याला विचारायच्या. मधल्या सुट्टीत, हातात खडू. फळ्यावर अकरा एक ओळीनं मांडलेले: ११,११,११,११,१११.

अर्जुनी मोरगावच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायचो. तुम्ही पाहिलंच असेल, प्रत्येक शाळेत एक शिक्षक जरा वेडा असतो. आमच्याकडे तो मान बाईंचा होता.

“बाई, या संख्येनं तुमचं काय घोडं मारलंय?” मी एकदा विचारलं.

नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी वर्गात ठणकावून सांगितलं होतं, ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानंच भाग जात नाही. खरं तर लाखाच्या पुढपर्यंत भागून पाहायला हवं होतं. बाई वीस हजारांपर्यंत गेल्या आणि कंटाळल्या. “कशावरून, मॅडम?” असं एका मुलीनं विचारलं, तर तिला दटावून खाली बसवलं.

“माझ्याजवळ उत्तर नव्हतं, सर. म्हणून तिले चूप केलं,” बाई म्हणाल्या. ते त्यांना फार लागून राहिलं होतं.

“मग मोबाइलला विचारा ना. क्षणात सांगेल.”

“खोटं मोबाइलनं सांगितलं का? मी सांगितलं. मीच पाहीन.”

आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून भागायला घेतलं.

धानकापणीचे दिवस होते, वर्गात पोरं कमी. एका दुपारी बाई ओरडल्या, “सर, फुटली!” एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग गेला होता, बाकी शून्य. म्हणजे पूर्वी थांबल्या तिथून अगदी थोडं पुढे. इतकी वर्षं चुकीचं शिकवलं म्हणून त्या खचतील, असं मला वाटलं. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

“सुटली बापा! आता त्या पोरीले सांगता येते.”

ती मुलगी सालेकशाला नर्स झाली होती. रविवारी बाईंनी मलाही सोबत ओढलं. दारातच, पाणीसुद्धा न घेता, त्यांनी सगळं सांगून टाकलं. “पोरी, तुझं विचारणं बरोबर होतं. चूक माझी.”

तिनं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “मले वाटे मीच मठ्ठ. त्याच्यानंतर मी वर्गात कधी विचारलंच नाही, मॅडम.”

बाईंचा चेहरा उतरला.

“पण आता माझी पोरगी दिवसभर विचारत राह्यते,” ती हसली, “आन् मी तिले चूप नाही करत. चला, जेवून घ्या.”

बाईंनी दोनदा भात मागून घेतला.

पुढे निवृत्त होऊन त्या बहिणीकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. मला आठवते ती त्या दिवशीची परतीची गाडी. बाई खिडकीला डोकं टेकवून गाढ झोपल्या होत्या. गाडी बदलायचं गोंदिया आलं, डबा रिकामा झाला, अर्जुनीची गाडी समोरून सुटून गेली. मी त्यांना उठवलं नाही.