माझ्या अंगठ्याला रेघा नाहीत

"ह्या बाईनं साचा बाटवला."

साहेब सगळ्यांसमोर बोलला. नगरच्या एमआयडीसीतलं आमचं शेड, दिवसपाळीची सगळी माणसं गोळा, मधोमध मी, हातात ओला फडका. साहेबाच्या हातात निकेलची नळी. भिंत तिची पोस्टकार्डाएवढी पातळ, आतल्या अंगाला एक डाग. "झाडूवाल्या हाताला टाकीजवळ येऊ दिलं, ही माझीच चूक."

बाटवला. साच्याला तेल लागलं, घाम लागला, की आमच्या शेडात सगळेच म्हणतात, साचा बाटला. कामाचा शब्द झालाय तो. पण माझ्याकडं बोट करून म्हटला, तेव्हा मला आई दिसली. कोल्हारला गावच्या आडावर, ओंजळ धरून, कुणी वरून पाणी ओततंय का त्याची वाट बघणारी. हाच शब्द तिला.

आता काम सांगते, नाहीतर राग कशाचा ते कळायचं नाही. अॅल्युमिनियमचा साचा आरशासारखा घासायचा, धुवायचा, निकेलच्या टाकीत टांगायचा. वीज सोडली की निकेल त्याच्यावर सायीसारखं चढतं, सावकाश. मग आतला साचा कॉस्टिकच्या जळजळीत पाण्यात विरघळवून टाकायचा. उरते ती पोकळ नळी. साच्यावर जे असेल ते नळीच्या आत उमटतं, केस असला तरी. म्हणून धुणं मोलाचं. धुतलेल्या साच्यावर पाणी सलग पसरलं पाहिजे. कुठं फाटलं, की समजायचं तिथं तेल आहे. मला हे कुणी शिकवलं नाही, बरं का. झाडू मारता मारता बघून शिकले. एकोणीस वर्षं झाली. हजेरीपटावर अजून 'सफाई'.

सोमवारी पाहुणे आले. मी धुऊन ठेवलेला साचा साहेबानं उघड्या हातानं उचलला, त्यांना दाखवायला.

"साहेब, हातमोजे," मी म्हणाले.

"मावशी, इंजिनियर तुम्ही का मी?" पाहुणे हसले.

"द्या, परत धुते."

"राहू द्या. तुम्ही चहा टाका."

आणि त्यानंच साचा टाकीत टांगला. मी चहा टाकला. त्या चहाचा राग मला माझाच येतो, अजून.

आता त्याच साच्याच्या नळीवरून साहेबानं माझ्यापुढं कागद सरकवला. 'माझ्या हातून चूक झाली.' शेजारी शाईचा पॅड. बाईला वाचता येत नसणार, हे तो धरूनच चालला होता. रद्दीच्या पेपरवर अक्षरं गिरवून शिकलेय मी. सगळा वाचला. मग नळी मागून घेतली, उजेडाकडं धरली. भानुदास, आमचा साचे घासणारा, वाकून बघायला लागला.

"मावशे, ह्यो डाग न्हाई. अंगठा हाय! रेघा मोज पायजे तर."

मी पॅडवर अंगठा दाबला, कागदावर टेकवला. उठला नुसता काळा ठिपका. गुळगुळीत. लहानपणी ऊसतोड, मग हे कॉस्टिक, रेघा झिजून गेल्या. हातमोजे आले ते मागून, आणि तेही साच्याला घाम लागू नये म्हणून. माझ्या कातडीसाठी नाही. रेशनच्या मशीनला माझा अंगठा लागत नाही, हजेरीच्या मशीनलाही नाही. रोज सकाळी हाच साहेब हसायचा, "मावशी, मशीनच्या लेखी तुम्ही नाहीच!"

"आता तुमचा टेकवा, साहेब."

त्यानं हात खिशात घातला.

"विषय संपवा मावशी. कशाला वाढवता?"

"बाटवला कुणी, ते लिहा. संपला विषय."

"आणि नाही लिहिलं तर?"

"मग धुवा तुमचे साचे."

कागद मी घडी घालून कमरेला खोचला. टाकीशेजारी खिळ्याला एक वही टांगली. साच्याला उघडा हात लावील त्यानं तिथं नाव लिहायचं, मग तो कुणी का असेना. पहिली ओळ साहेबाची. ती कोरी आहे.

रोज जाते मी. टाकीशेजारी स्टुलावर बसते. साचा धूत नाही, झाडू मारत नाही, चहा टाकत नाही. काढून टाकायचं तर टाका म्हणावं, नळी भानुदासनं जपून ठेवलीय. ती ओळ भरेस्तोवर मी हात लावणार नाही. आणि भरायची ती त्याच अंगठ्याच्या हातानं.