मी लिहिलेलं इमारतीचं कलम

बाजार खुला झाला तसे मराठी इंजिनियर देशभर पसरले आणि जातील तिथे महाराष्ट्र मंडळं काढू लागले. काही मंडळं तर फक्त लेटरहेडवरच होती. या सगळ्यांचा एक राष्ट्रीय महासंघ करायचा आणि त्याची घटना बडोद्यात बसून ठरवायची, असं झालं. मसुदा माझ्याकडे आला, कारण माझं अक्षर चांगलं होतं. मला वाटलं, बुद्धी चांगली म्हणून आला. सुरुवातीलाच 'आम्ही, महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक' असं लिहिलं आणि आठवडाभर मान ताठ ठेवून हिंडलो.

बडोद्याच्या अलकापुरी भागातल्या एका हॉलमध्ये प्रतिनिधी जमले. अध्यक्ष इंदूरचे एक निवृत्त वकील. पहिला वाद मतांचा. मी बडोद्यातल्याच मकरपुरा या कारखान्यांच्या भागातल्या मंडळातर्फे बसलो होतो. कारखान्यांतली शेकडो माणसं आमची सभासद. साहजिकच मी म्हणालो, ज्याचे सभासद जास्त, त्याची मतं जास्त.

राजस्थानातल्या एका रेल्वे जंक्शनहून आलेल्या काकू उठल्या. त्यांच्या मंडळात जेमतेम काही घरं.

"म्हणजे आम्ही यायचं, पोहे खायचे, टाळ्या वाजवायच्या आणि परत जायचं?"

"तसं नाही हो, काकू."

"मग कसं, ते सांगा."

 अध्यक्षांनी तो विषय जेवणानंतर ठेवला.

पुढचं कलम माझं लाडकं होतं: ज्या मंडळाला स्वतःची इमारत नाही, त्याला सभासदत्व नाही. लेटरहेडवाल्यांचा बंदोबस्त! ते आलेलेच नव्हते, त्यामुळे मी त्यांच्याविरुद्ध फारच तडफेने बोललो. कलम एकमताने मंजूर.

टाळ्या थांबल्यावर काकू म्हणाल्या, "आमची एक पत्र्याची खोली आहे, वर्गणीतून बांधलेली. तुमची इमारत कुठेशी आली, भाऊ?"

आमचं मंडळ दर रविवारी कारखान्याच्या कँटीनमध्ये भरायचं. गणपतीही तिथेच बसायचा. मॅनेजर भला माणूस, कधी नाही म्हणाला नाही. त्यामुळे आपल्याला इमारत नाही हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. सुवाच्य अक्षरात मी आमच्याच मंडळाला बाहेर काढलं होतं.

घाईघाईने दुरुस्ती मांडायला उठलो, तर अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, "आपण आता सभासद नाही. बसा."

सगळे हसले. मीही हसलो, पण मनात म्हटलं, मंडळात काय तोंड दाखवणार?

जेवताना ताट घेऊन काकूंशेजारी जाऊन बसलो.

"काकू, दुरुस्ती तुम्ही मांडा ना. इमारतीची अट काढा, सलग तीन वर्षं गणेशोत्सव केलेला हवा, असं घाला."

"मांडते की. गोड करता हो तुम्ही बडोद्याचे लोक आमटी!" त्यांनी वाटी बाजूला सारली. "आणि मतांचं काय?"

"मतांचं म्हणजे?"

"एका मंडळाला एक मत. मोठं असो, छोटं असो."

"अहो, आमची शेकडो माणसं आहेत!"

"आत्ता तर एकही नाही."

 "चालशे," मी म्हणालो. अडचणीत सापडलो की माझ्या तोंडून गुजराती निघते.

दुपारी काकूंनी दुरुस्ती मांडली, ती मंजूर झाली आणि मी पुन्हा सभासद झालो. लगेच मतांचं कलम आलं. एका मंडळाला एक मत, याला सगळ्यात आधी हात माझा वर गेला. काकू माझ्या हाताकडेच बघत होत्या.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये आमच्या मंडळाचे खजिनदार भडकले होते. "एवढं मोठं मंडळ आपलं, आणि एकच मत? तिथे वाटाघाटीला कोण गाढव बसलं होतं?"

"सर्वानुमते ठरलं," मी म्हणालो आणि त्यांना खिडकीजवळची जागा दिली.