कोणता डोळा, आजी?

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते तेरच्या यशवंत वाघमारे सरांचे. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला, "काका, अण्णा गेले..." पुढं ती काय बोलली ते मला नीट ऐकूच आलं नाही.

सर आमच्या जिल्ह्याच्या नेत्रपथकात वरिष्ठ सहाय्यक होते. मी जळकोटचा, घराण्यातला पहिला पदवीधर. बी.एस्सी. झालो, ट्रेनिंग केलं आणि त्यांच्या हाताखाली नेत्र सहाय्यक म्हणून रुजू झालो. नजर तपासायची, चष्म्याचा नंबर काढायचा, शस्त्रक्रियेआधी रुग्णाची तयारी करायची, हे आमचं काम. गावात मात्र मी पहिल्या पगाराआधीच 'डोळ्याचा डॉक्टर' झालो होतो.

त्या वर्षी दुष्काळ होता. सहकारी साखर कारखान्याला ऊसच नव्हता, म्हणून त्यांचं रिकामं गोदाम मोतीबिंदूच्या शिबिराला मिळालं. पाणी टँकरचं. हत्यारं उकळायचं पाणी आधी बाजूला काढायचं, मग बाकीची कामं, हा सरांचा दंडक. ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया, त्याच्या पापण्यांचे केस आदल्या संध्याकाळी कापून ठेवायचे, हे काम माझ्याकडं होतं. कात्रीला व्हॅसलीन लावायचं, म्हणजे केस पात्याला चिकटतात, डोळ्यात पडत नाहीत. मी भराभर सगळी रांग उरकली आणि मनातून खूश झालो.

सकाळी सर रांगेतून फिरले. कुणाचा कोणता डोळा, हे लिहिलेला कागद हातात असूनही ते प्रत्येकाला पुन्हा विचारायचे. मला तो उगीच वेळ घालवणं वाटायचं. नळदुर्गकडच्या गिरजाबाईंसमोर ते उकिडवे बसले. "कोणता डोळा, आजी?" "ह्यो," म्हणून तिनं उजव्या डोळ्यावर हात ठेवला. पापण्या डाव्या डोळ्याच्या कापलेल्या होत्या... सरांनी तिचा उजवा डोळा तळव्यानं झाकला आणि बोटं धरली. "किती?" "तीन. आन् एकात अंगठी हाय." समोर बसून मी माझ्या उजव्या हाताकडचा डोळा धरला होता. तो तिचा डावा. त्याच एका डोळ्यावर ती घरचा स्वयंपाक करत होती.

"आजी, काल बोलला का न्हाईत?" सरांनी विचारलं. "शिकल्याली माणसं तुमी! मला वाटलं, आधी चांगल्याचं कापून बघत्यात." सगळी रांग हसली. सर हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "चूक तुझी. आजीला तूच सांगायची आन् डॉक्टरांना पण तूच." मी म्हटलं, "सर, नोकरी जाईल." "जाईल की. तिचा डोळा गेला असता, मग?"

मी सांगितलं. आजी म्हणाली, "केस व्हय, उगवतील." डॉक्टरांनी मात्र या शिबिरात शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ यायचं नाही, असं मला बजावलं. तेव्हा सरांनी मला गिरजाबाईंच्या उशाशी बसवलं. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया नीट झाली होती. त्या काळी रुग्णाला दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून, डोकं न हलवता, दिवसचे दिवस पडून राहावं लागायचं. मी तिला पेज भरवली, कूस बदलू दिली नाही, तिच्या सुनांच्या तक्रारी ऐकल्या. पट्टी सोडल्यावर सरांनी तिच्या उजव्या डोळ्यासमोर जाड भिंग धरलं. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ह्योच का त्यो कात्रीवाला? ह्या डोळ्याला तर लईच कवळा दिसतोय की!"

तरीही माझं मन बसेना. आपल्या हातात कुणी डोळा द्यावा, एवढी आपली लायकी नाही, असं वाटत राहिलं. राजीनामा देतो म्हटल्यावर सर म्हणाले, "हितं न्हाई लिहायचा. आठ दिवस घरी जा. काय ते तिथनं कळव."

तिथून मी पत्र पाठवलं. आमच्या शाळेत आधी कच्चं लिहून मग पक्कं करायची सवय लावली होती, म्हणून त्या पत्राचा कच्चा कागद माझ्याकडं राहिला आहे.

"आदरणीय सर, सप्रेम जयभीम. राजीनामा लिहायलाच बसलो होतो, तेवढ्यात डोळे दाखवायला ओसरीवर माणसं जमली. नाही म्हणता आलं नाही. भिंतीवर तक्ता टांगून तीन दिवस डोळे तपासले. तिघांना मोतीबिंदू आहे, पण दवाखान्याला भीत होते. मी त्यांना माझी चूक जशीच्या तशी सांगितली. वाटलं, आता तर मुळीच येणार नाहीत. त्यातले एक आजोबा म्हणाले, 'मग पकडली कुणी?' मी तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, 'त्ये असत्यात का तिथं? मग चला.' सर, सोमवारच्या पहिल्या एसटीनं तिघांना घेऊन कामावर येतोय. कोणता डोळा, हे मी प्रत्येकाला दोनदा विचारलं आहे. तुम्ही तिसऱ्यांदा विचारा."