नथ्थूचा उजवा कान

गेल्या वर्षभरात जबलपुरातल्या गाड्या पुष्कळ सुधारल्या, असं नथ्थू बोरकुटेचं मत झालं होतं. पूर्वी स्टेअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांतून काही ना काही कुरकुर यायची. आता येईनाशी झाली. कंपन्यांना उशिरा का होईना अक्कल आली, असं तो चहाच्या टपरीवर सांगायचा, आणि ऐकणारे मान डोलवायचे. नथ्थूनं सांगितलं म्हणजे संपलं.

कारण जबलपुरातल्या अख्ख्या गोरखपूर मोहल्ल्यात त्याच्या कानाचा दबदबा होता. गाडी जॅकवर घ्यायची, कोणाला तरी स्टेअरिंग हलवायला बसवायचं, लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक सांध्याला टेकवायचं आणि मूठ उजव्या कानाला. डोळे मिटून घटकाभर ऐकलं की निकाल: टाय रॉड गेला, किंवा बेअरिंग आहे, किंवा काही नाही, उगाच घाबरतोस, घरी जा. बाकीचे मिस्त्री चाक धरून हलवून पाहायचे. नथ्थूला त्याची शिसारी यायची. हात लावून तर भाजीवालीही कांदा पारखते, म्हणे.

घरीही थोडे बदल झाले होते. बायको, इंदिरा, जेवायला त्याच्या उजवीकडे बसायची ती डावीकडे बसू लागली. तिकडे पंख्याचा वारा लागतो म्हणाली. पंखा मध्यभागी होता, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस पंख्यावरून वाद घालत नाही.

भाची संपदाचं लग्न जबलपूरजवळच्या पाटणला ठरलं. रुखवत न्यायचं काम तिच्या भावाकडे, सुमेधकडे आलं. त्याची पिकअप होती, भेडाघाटाहून संगमरवराच्या मूर्ती वाहणारी. लग्नाच्या दिवशी सकाळी गाडीत रुखवत चढलं: स्टीलचे डबे, पितळेची परात, पाचपन्नास वाट्या, लाडवांचं देऊळ. इंदिरा केबिनमध्ये बसली, मांडीवर साखरेचं तुळशीवृंदावन घेऊन, कारण ते दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला तिचा जीव धजेना. नथ्थू गॅरेज आवरून दुपारच्या बसनं येणार होता.

निघण्याआधी सुमेध म्हणाला की डावीकडे वळवताना खालून कटकट येते, मामांनी एकदा पाहून घ्यावं. नथ्थूनं चाक उचललं, पेचकस लावला, उजवा कान टेकवला, डोळे मिटले. सुमेध स्टेअरिंग हलवत राहिला. आत अगदी शांत होतं, रिकाम्या देवळासारखं.

"भांडी वाजून राहिली तुझी," नथ्थू म्हणाला. "गाडी ठीक आहे. जा."

पिकअप गेली. शेजारची फुलवाली बेबी कानावरचे हात काढत म्हणाली, काय हो नथ्थूभाऊ, काय ते कटकट, वळताना तर भांड्यांच्या वरताण ऐकू आलं. नथ्थू तिला म्हणाला की तुझे कान खराब आहेत. बेबीनं वाईट वाटून घेतलं नाही, हार ओवायला बसली. पण आपण काय बोललो ते नथ्थूला मात्र टोचलं.

तो आत गेला. हवा भरायचा कॉम्प्रेसर सुरू केला, पेचकस त्याला टेकवला, मूठ उजव्या कानाशी धरली. काही नाही. मूठ डाव्या कानाशी नेली, आणि कॉम्प्रेसर असा गरजला की त्याच्या हातून पेचकस सुटला.

सुधारल्या होत्या म्हणे गाड्या! डोंबल सुधारल्या होत्या. पाटणचा रस्ता, समोरून येणारे ट्रक आणि केबिनमध्ये मांडीवर तुळशीवृंदावन घेतलेली बाई. त्यानं फोन लावला. तो लागला, पण वाजला गल्लीतच. इंदिरा फोन बेबीकडे चार्जिंगला लावून विसरली होती. नथ्थूनं स्कूटर काढली. टोपीही घातली नाही.

पण शुभकार्याची गाडी खेरमाईच्या देवळात नारळ फोडल्याशिवाय पुढं जात नाही, आणि सकाळच्या वेळी तिथं नारळाला रांग असते. सुमेध रांगेत उभा होता. नथ्थूनं कोणाशी न बोलता गाडीतला जॅक काढला, डावं चाक उचललं आणि जन्मभर ज्याची शिसारी बाळगली तेच केलं. चाक वरून आणि खालून धरलं, हलवलं. ते सहा वर्षांच्या पोराच्या दातासारखं हललं. बॉल जॉइंट पार झिजला होता. तो निखळला असता तर चाक भलतीकडे गेलं असतं आणि गाडी त्याच्यामागं.

सुमेध नारळ तसाच घेऊन धावत आला. "मामा, अभी तो आपने ठीक बोला था."

देवीसमोरची माणसं वळून पाहू लागली. त्यातली निम्मी नथ्थूची गिऱ्हाईकं होती. उगाच काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. नथ्थूनं हात पँटला पुसले.

"मले ऐकू येत नाही," तो म्हणाला. "उजव्या कानानं काहीच नाही."

सुमेधनं दुसरा टेम्पो बोलवायला फोन काढला. रुखवताला उशीर होणार होता, पण लग्नात उशीर झाला नाही तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं.

नथ्थू केबिनपाशी गेला. इंदिरा जागची हलली नव्हती. तुळशीवृंदावनाची एक कड तेवढी तुटली होती, ती तिनं पदरात जपून ठेवली होती.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "वर्ष झालं."

म्हणजे कारण पंखा नव्हताच. नथ्थूला भयंकर राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

"माहीत होतं, तर या गाडीत बसली काहून?"

"तुम्ही ठीक आहे म्हटलं ना," इंदिरा म्हणाली.

नथ्थूनं दार उघडलं. तिच्या मांडीवरचं वृंदावन दोन्ही हातांनी उचलून घेतलं, आणि तिला आधी खाली उतरू दिलं.