विहिरीतली मरळ

मासे साफ केलेल्या हाताचा वास राखेनं जातो, लिंबानं जातो, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीला तरी जातोच. गेल्या श्रावणात माझ्या हाताला लागलेला वास अजून गेलेला नाही. बायको म्हणते, वासबीस काही नाही, तुमच्या डोक्यात आहे. असेल. पण घास तोंडाजवळ आला की मळमळतं, आणि मग त्या दिवसाचा, त्या माणसाचा आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा उद्धार करत मी ताट बाजूला सारतो.

आधी एक सांगून टाकतो, मी काही माळकरी माणूस नाही. करमाळ्याच्या पुढं, उजनीचं पाणी ज्या गावांच्या शिवाराला येऊन टेकतं, तिथलं आमचं घर. वडिलांकडं ठासणीची बंदूक होती. तिनं ससे मारले, तितर मारले, लावे तर फास लावून धरले. धरणाच्या कडेला गळ टाकून दिवसचे दिवस घालवले. रक्ताचं मला काही वाटत नाही. पण वडिलांचा एक दंडक होता आणि तेवढा मी पाळत आलो. विहिरीतल्या माशाला हात लावायचा नाही. तो घरचा. तो किडे-डास खातो, पाणी निवळ ठेवतो, आणि आपण त्याच पाण्यावर जगतो. दुसरं म्हणजे, मरळीची पिल्लं वर असतील तर ओढ्यातसुद्धा तिला मारायचं नाही. ही पिल्लं लालसर पुंजक्यानं पाण्यावर फिरतात आणि नर-मादी खाली थांबून राखण करतात. आईबाप गेले की बेडूक आणि बाकीचे मासे एका दिवसात त्या पुंजक्याचा फडशा पाडतात.

आमच्या विहिरीतल्या मरळी माझ्या मुलीच्या. ती नऊ वर्षांची असताना ओढा आटला, तेव्हा चिखलात तडफडणारी मरळीची बोटभर पिल्लं आम्ही दोघांनी बादलीतून आणून विहिरीत सोडली. शाळेतून आली की ती गवतातले नाकतोडे धरायची, पायरीवर बसून एकेक पाण्यात टाकायची. खालून मरळ यायची, नाकतोडा गट्ट करायची, आणि ही टाळ्या पिटायची. भूक लागली तरी उठायची नाही.

ही मुलगी गेल्या वर्षी पंचमीला आली. यंदा आली नाही. लग्नाला चार वर्षं झालेली, जावई पुण्यात नोकरीला. पंचमीला लेक येते ती दोन-चार कपडे घेऊन. ही भली मोठी बॅग घेऊन आली. बॅगेत स्वेटर होता आणि शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची फाईल होती. श्रावणात स्वेटर बघून तिच्या आईनं काय ते ओळखलं. भाकरी थापता थापता तिनं मला सांगितलं, "अवं, पाव्हणं हात उचलत्यात तिच्यावर. दोन डाव झालं. ती मागं जायाचं न्हाय म्हणती."

मुलगी मला एवढंच म्हणाली, "आप्पा, मी हितंच ऱ्हायले तर चालंल का?"

यावर बापानं काय म्हणायचं असतं? व्हय म्हणायचं असतं. त्याला काय पंचांग बघायला लागत नाही. मी म्हणालो, "पाव्हणं येत्यात की शनवारी. मी बोलतो त्येंच्याशी नीट."

माझ्या त्या बोलतो म्हणण्यावर विसंबून ती थांबली.

शनिवारी जावई आला. गाडीतून बर्फाचा डबा निघाला, काळ्या कव्हरात छऱ्याची बंदूक निघाली, आणि जागोजागी खिसे असलेली पँट घातलेला तो स्वतः निघाला. त्याला मासे मारण्याचे व्हिडिओ टाकायचा नाद आहे. "मामा, आपण आधी धरणावर जाऊ," म्हणाला. सासुरवाडीला श्रावणात अंडंसुद्धा आणत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "मी श्रावण पाळत नाही." मी हसलो. का हसलो, देव जाणे.

धरणाच्या पाण्याची आता ओकारी येते. शहरांची सगळी गटारं पिऊन ते आमच्याकडं येतं, वर हिरवी साय धरतं, आणि ऊन तापलं की कुजक्या अंड्यासारखं घमघमतं. त्या पाण्यात चिलापी मात्र माजलेली असते. जावई गळानं चिलापी काढायचा, फोनसमोर धरून दात काढायचा आणि मागं खडकावर भिरकावून द्यायचा. "साइज नाही," म्हणायचा. खडकावर ढीगभर मासे तोंडं उघडत पडले होते.

"मग पाण्यात तरी सोडा की," मी म्हणालो.

"चिलापी हो मामा. घाण खाणारी जात."

फोन धरायला माझी मुलगी. ऊन तिच्या तोंडावर. तिचा हात जरा हलला तर हा ओरडला, "नीट धर ना! अकलेचा कांदा आहेस नुसती." आणि लगेच माझ्याकडं बघून हसला, जणू माझीही त्याला साथ आहे. मग त्यानं माशानं बरबटलेले दोन्ही हात तिच्या ओढणीला पुसले. तिच्याकडं न बघता, चुलीजवळच्या फडक्याला पुसावेत तसे. ओढणीवर खवले चिकटले. तिनं ते झटकलेही नाहीत.

मला किळस आली. आणि मी काय केलं? मी पाण्याकडं बघत बसलो.

आमच्याकडं जावयाशी बोलायची एक रीत आहे. आधी त्याला खायला-प्यायला घालायचं, टॉवेल-टोपी करायची, त्याचा पारा खाली आणायचा आणि मग हळूच विषय काढायचा. आमच्या बापजाद्यांनी लेकींचे प्रश्न असेच सोडवले, म्हणजे काय सोडवले ते त्या लेकींनाच विचारायला पाहिजे. मी मनाशी म्हणालो, आज ह्याला मनासारखा मासा गावला नाही, आज नको. जेवताना त्यानं विचारलं, "मामा, मोठा मासा कुठं मिळेल हो?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "आमच्या इहिरीत मरळ हाय की. हाताएवढी."

मुलगी त्याच्या ताटात भाकरी वाढत होती. तिचा हात तसाच थांबला. बायकोनं माझ्याकडं बघितलं, तशी मी ताटात मान घालून भाकरी मोडत राहिलो.

रविवारी सकाळी आम्ही विहिरीवर गेलो. पिल्लं वर होती. ती वर आहेत हे मला आठवडाभर ठाऊक होतं, उगाच खोटं कशाला बोलू? कोपऱ्यात पुंजका फिरत होता, तांबडा, सुपाएवढा. मी म्हणालो, "पाव्हणं, पिल्लं हाईत जरा..."

"अरे वा! म्हणजे मोठी खालीच असणार. सोडून जाणार नाही, बरोबर ना?"

"व्हय," मी म्हणालो. मुलीला द्यायचं उत्तर मी त्याला दिलं.

मरळ श्वास घ्यायला वर येते, तेवढाच क्षण मिळतो. तो काठावर गुडघा टेकून बसला. मुलगी फोन धरून मागं उभी. पहिल्या छऱ्याला मरळ उलटली, पांढरं पोट वर आलं. जावई म्हणाला, "मामा, तुम्ही जरा उतरता का? माझे शूज नवीन आहेत."

मी उतरलो. चड्डीवर, कंबरभर पाण्यात. मरळ अजून जिवंत होती, कल्ले हलत होते. पिल्लं तिच्या पोटाखाली गोळा झालेली. मी तिला उचललं तर पिल्लं माझ्या मनगटाभोवती आली. हाताला नुसती वळवळ. मी पायरीकडं वळलो तर मागं मागं, शेवटच्या पायरीपर्यंत. एवढ्यात पलीकडं दुसरी मरळ वर आली आणि वरून पुन्हा बार झाला. "जोडी झाली, मामा!" दुसरीही मीच काढली. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर कोपऱ्यात काही नव्हतं. बेडूक तेवढे टम्म होऊन बसले होते.

घरी बायको दारात आडवी उभी राहिली. "सरावन हाय. ही घाण उंबऱ्याच्या आत आणायची न्हाय." मग मी गोठ्यामागं बसलो. मरळ बुळबुळीत असते, राख लावल्याशिवाय हातात ठरत नाही. राख लावून धरली, खवले काढले, पोट फाडलं. जावई खुर्ची टाकून शेजारी बसला आणि मोबाइलवर आपलाच व्हिडिओ बघत मला म्हणाला, "तुकडे मोठेच ठेवा हं, मामा. फ्राय करायला बरे पडतात."

आता तो खूश होता. शीळ घालत होता. हीच ती वेळ, जिच्यासाठी मी हा सगळा नंगानाच केला होता. माझे हात आतड्यांत होते. मी म्हणालो, "पाव्हणं, जरा बोलायचं हुतं."

"बोला ना."

"पोरीला... अजून चार दिस ऱ्हाऊ द्या."

काय बोलायचं होतं आणि काय बोललो बघा. म्हणे चार दिवस! जणू मी त्याच्याकडं बैल उसना मागत होतो.

"नको मामा. माझ्या जेवणाचे हाल होतात. आजच निघतो आम्ही."

"बरं," मी म्हणालो. आणि तुकडे पिशवीत भरले.

तो गाडी वळवायला गेला तेव्हा मुलगी बॅग घेऊन अंगणात आली. आई तिला आतून हाका मारत होती, "थांब गं, जाऊ नगं, मी बोलते त्येंच्याशी." ती थांबली नाही. तिनं काल खवले लागलेली तीच ओढणी घेतली होती, धुतलेली. मी म्हणालो, "बाळ, मी बोललो त्येंच्याशी."

"आयकलं मी, आप्पा. गोठ्यापलीकडंच हुते." आवाज चढलेला नव्हता. डोळ्यांत पाणीही नव्हतं. "तुमाला माशासाटी न्हाय म्हणवलं न्हाय. माझ्यासाटी काय म्हणणार?"

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. गाडी अजून वळत होती. ती माझ्यासमोर उभी होती, बॅग तिच्या हातात होती, आणि मी नुसता तिच्या हातातून ती बॅग काढून घेतली असती आणि घरात नेली असती तरी पुरे होतं. ती वाट बघत होती. मला आज लख्ख कळतं, ती वाट बघत होती.

मी बॅग तिच्या हातातून घेतली. जड होती. हातांना अजून राख आणि खवले होते, ते बॅगेच्या पट्ट्याला लागले. जावयानं आतून बटण दाबलं, डिकी उघडली. मी बर्फाचा डबा थोडा बाजूला सरकवला आणि तिच्या बॅगेला जागा केली.