पुरणासाठी नदीचं पाणी

माझ्या हातून आयुष्यात एकच मोठा गुन्हा घडला. मी घरामागच्या विहिरीतून हंडाभर पाणी भरलं.

याला गुन्हा म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. मी पुण्यातली, नळाच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन माण गावाला आले ती सातवी पास होऊन. (हे मी पहिल्या आठवड्यात अकरा जणांना सांगितलं. त्यातल्या एकानंही विचारलं नव्हतं.) विहिरीचं पाणी गार, काचेसारखं स्वच्छ. पण त्यात साबण काही फेसाळायचा नाही! अर्धी वडी घासली तरी अंगावर नुसता चिकट साका. केस धुतले की त्यांची केरसुणी व्हायची. बंबात तर आतून कुणी चुना लावून ठेवल्यासारखा पांढरा थर.

"साबण नकली आहे," मी निकाल दिला.

"साबन न्हवं गं, पानी जड हाय," आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. "खडकातनं येतंय, खडकाचा चुना संगं घिऊन येतंय. प्यायला ग्वाड लागतंय, पन डाळ शिजू देत न्हाई. डाळीला नदीचंच पानी लागतं."

नदी मैलभर लांब. मी मनात म्हटलं, कळलं! नव्या सुनेला दमवायची ही जुनी युक्ती. पाण्याला काय कळतंय, आपल्यात डाळ पडली की तांदूळ?

तर त्या दिवशी माझ्या नणंदेला, सुमनला, बघायला जांब्याचे पाहुणे यायचे होते. आधीची दोन स्थळं फिरली होती, म्हणून आत्याबाईंनी हे तिसरं देवासारखं मनावर घेतलेलं. पुरणपोळीचा बेत ठरला. मला नदीवर पिटाळलं.

मी निघाले आणि कुंपणापलीकडच्या चिंचेखाली बसले. नदीवर जाऊन यायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्या चिंचा खाल्ल्या. मग मागल्या अंगानं येऊन विहिरीवर हंडा भरला, पायांना थोडा चिखल लावला, घाम दिसावा म्हणून तोंडावर पाणी मारलं आणि धापा टाकत घरात शिरले.

"दमली गं माझी बाय!" आत्याबाईंनी मला गुळाचा खडा दिला. मी तो खाल्लाही!

हरभऱ्याची डाळ चुलीवर चढली. तास झाला. डाळ ढिम्म. दोन तास झाले. बोटांत धरून दाबली तर बोट दुखलं.

"ही डाळच जुनी हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या. मीही त्यात दोन पिढ्यांची भर घातली.

मग दोष सरपणावर गेला. ओली लाकडं म्हणून मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, बोलणी बसली. मग आत्याबाईंना दृष्टीची शंका आली. त्यांनी मीठ-मोहऱ्या घेऊन पातेल्याची दृष्ट काढली. (पातेल्याची! मी शेजारी हात जोडून उभी.)

शेवटी दारात बैलगाडीची घुंगरं वाजली. आत्याबाई घाईनं मोरीत हात धुवायला गेल्या. मी आणलेल्या हंड्यातलं पाणी घेतलं, साबण चोळला, थांबल्या. पुन्हा चोळला. फेसाचा पत्ता नाही. हातावर नासलेल्या दुधासारखा साका.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सूनबाई, नदीला आज फेस न्हाई व्हय?"

मी पायावरचा चिखल पुसायला लागले.

ओरडायला त्यांना वेळ नव्हता. कच्च्याच डाळीत गूळ घातला. गूळ पडल्यावर तर डाळ हट्टालाच पेटली. पाट्यावर वाटायला घेतली, तेव्हा खडी फोडल्यासारखा आवाज यायला लागला. पोळ्या लाटल्या की फाटायच्या. मी ठिगळं लावत होते. सुमन कोपऱ्यात नव्या लुगड्यात बसून मुसमुसत होती. "वैनी, माजं काय बी व्हायचं न्हाई!"

आणि बाहेर ओसरीवर मामंजी मोठ्या आवाजात सांगत होते, "आजचा समदा सैपाक आमच्या सुमननं एकटीनं केलाय बरं का!"

मुलगी बघायला आले की असं सांगायचंच असतं. सगळेच सांगतात. पण आमच्या घरात त्या क्षणी ते ऐकून आम्हा दोघींचे हात आणि सुमनचं मुसमुसणं थांबलं.

पानं वाढली. मुलाच्या वडिलांनी पहिला घास घेतला. कर्र! आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. दुसरा घास. कर्र! त्यांनी पाण्याचा घोट घेतला, जिभेनं दात तपासले आणि विचारलं, "पोरीनं केल्यात म्हनता?"

मामंजी पोळीकडे बघायला लागले. आत सुमनचा हुंदका.

आता गप्प बसले असते तर तिसरंही स्थळ बैलगाडीत बसून निघालं असतं. मी दाराच्या आडून, डोक्यावर पदर ओढून, म्हटलं, "नाही. पुरण मी केलंय. नदीचं पाणी आणायला सांगितलं होतं. मी विहिरीचंच भरलं."

मुलाच्या वडिलांनी हातातली पोळी ताटात ठेवली.

"का बरं?" पाहुण्यांनी विचारलं.

"मला वाटलं, पाणी ते पाणी."

"शिकलेल्या दिसताय!"

"सातवी पास," मी म्हटलं. (विचारलं होतं म्हणून.)

पाहुणे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मामंजींना म्हणाले, "आमच्या जांब्यालाबी पानी असलंच हाय, पावनं. पन आमी तुमची लेक बघाया आलोय, सून न्हाई. ती तुमचीच तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. लेकीचं ठरलं म्हना."

सुमनचं लग्न झालं. उरलेल्या पोळ्या बैलांना घातल्या. बैलांनी वास घेतला आणि कडबा खाल्ला.

आता आमच्या शेतात इमारती आहेत आणि माझ्या मोरीत नळ आहे. नातसून नळावरचे पांढरे डाग घासत कुरकुरते, तेव्हा मी जड पाण्यावर अर्धा तास बोलते. पण सुमनकडे जांब्याला गेले की आजही तिच्या सुना मला चुलीपासून चार हात लांब, खाटेवर बसवतात. "मामी, तुमी नुसतं बसा हां!" सुरुवातीला फार अपमान वाटायचा. मग लक्षात आलं की त्या हंडाभर पाण्यापायी मला जन्मभर आयतं गरम ताट मिळतंय, आणि मी मैलभर चाललेही नव्हते!