आभाराचं भाषण आणि साडेपाचची बस

आमच्या साखर कारखान्याला एके वर्षी तरुणांचा पुळका आला. वार्षिक सभेत म्हणे व्यासपीठावर एक युवा प्रतिनिधी बसवायचा. युवक आघाडीचे अध्यक्ष होते, पण त्यांच्या मुलीचाच साखरपुडा झालेला, आणि मिशीचा कलप उन्हात तांबडा दिसायचा. शेवटी कारखान्याच्याच कॉलेजात बी.ए. करणारी मी सापडले. वक्तृत्व स्पर्धेत ढाल आणली होती, एवढाच माझा गुन्हा.

मला मात्र हुरूप आला, कारण घरात पेच पडला होता. धाकटी बहीण त्याच कॉलेजात अकरावी सायन्सला. तिचं प्रॅक्टिकल सुटायचं पाचला, आणि कॉलेजची बस तीनलाच निघून जायची. मग वस्तीपर्यंत उसातल्या वाटेनं चालत यायचं, तोवर अंधार. माझे तास दुपारीच संपायचे म्हणून माझं निभावलं. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, निकाल देऊन टाकला होता, "सभा झाली की दुसऱ्या दिवशी तिचा दाखला काढतो. बास झालं शिक्षान." पोरगी रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडायची.

सभेत बसचं बोलते, असं सांगायला मी सेक्रेटरींकडे गेले. ते गोड हसून म्हणाले, "ताई, तुम्ही तरुणांनी फक्त आभार मानायचे. धोरणाचं आम्ही बघतो." डोकंच फिरलं माझं. तरुणांचा आवाज पाहिजे म्हणता, आणि तो काय मांडववाल्याचे उपकार मानायला?

आमच्या सभेची एक रीत आहे. सेक्रेटरी माईकवर "विषय क्रमांक एक" म्हणतात, पुढचं वाचून होईस्तोवर मांडवातून "मंजूर!" येतं. विषय कसला, कुणाच्या बापाला ठाऊक नसतं. मागं बुंदीचा घाणा चाललेला आणि निम्म्या सभासदांचं नाक तिकडं, त्यात आमचे आप्पाही. त्या दिवशीही अकरा विषय असेच भराभर उरकले आणि मला आभाराला उभं केलं.

चेअरमनसाहेबांपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. लोक चपला शोधायला लागले. आता हे गेले की बहिणीचं कॉलेज गेलं, एवढंच मनात आलं, आणि मी सेक्रेटरींच्या सुरात ओढून म्हणाले, "विषय क्रमांक बारा! कॉलेजची बस रोज संध्याकाळी साडेपाचला सोडण्यास मान्यता देणे!"

"मंजूर!" अख्खा मांडव गरजला. त्यात आप्पांचा आवाज मी बरोबर ओळखला.

सेक्रेटरींनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. "अहो, हा विषयपत्रिकेत नाही!" पण चेअरमनसाहेब मुरलेले. स्वागतगीताला आणलेल्या पोरी मोबाईल वर धरून शूटिंग करत होत्या, आणि कारखान्याची निवडणूक तोंडावर. त्यांनी माझ्या हातातला माईकच ओढून घेतला. "तरुणांचं ऐकणारा आपला कारखाना! सोमवारपासून बस सुरू!" टाळ्या त्यांनीच घेतल्या. घेईनात का बापडे!

घरी येताना मी आप्पांच्या मोटारसायकलवर मागं बसले. कालव्याच्या पुलावर गाडी हळू करून आप्पा म्हणाले, "ते शेवटी आमी काय मंजूर केलं गं?"

मी सांगितलं.

"मी बी म्हनलो व्हय?"

"सगळ्यात मोठ्यानं."

त्यांनी गाडी दामटली ती थेट घरापर्यंत. बहीण दारात उभी होती, डोळे सुजलेले. आप्पांनी गाडी स्टँडवर लावली, टोपी काढून झटकली आणि तिच्याकडं न बघताच म्हणाले, "दाखला न्हाई काढत. माझं मन न्हाई, पर येवढ्या सभेनं ठरवलं म्हनल्यावर माझं एकट्याचं काय चालतंय?"